मिल बंद, जातं सुरू

दर वेळी आम्ही तुमच्याशी कर्जाचे हप्ते, सोयाबीनचे भाव, पापड-शेवयांच्या ऑर्डरी यावर बोलतो. आज मात्र पुरुषांच्या एका आजाराचा इतिहास सांगणार आहोत. तुम्ही म्हणाल, पुरुषांचा आजार बायकांच्या कार्यक्रमात कशाला? तर त्या आजाराची फाईल बाईच्याच पिशवीत असते. गोळ्यांच्या वेळा तिला पाठ असतात. दवाखान्यात नंबर लावायला पहाटे तीच उठते. म्हणून हा इतिहास तिला माहीत असला पाहिजे, असं आम्हाला वाटतं.

झालं असं. गटाची मासिक बैठक संपली, सगळ्या उठल्या, पण एक ताई बसूनच राहिल्या. त्यांच्या मालकांना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. तो हाडांत पसरल्यावर कळला. ऑपरेशन झालं, दुखणं थांबलं, माणूस पुन्हा शेतात जायला लागला. दीड वर्षानं कंबर परत दुखायला लागली. ताईंनी आम्हाला विचारलं, "डाक्टरनं तं सांगतलं होतं का हार्मोन बंद झालं म्हून. मंग हे बिमारी काहून वाढून रायली?" थोडं थांबून हळूच म्हणाल्या, "म्या हिवाळ्यात डिंकाचे लाडू चारले, त्यानं तं नाही ना झालं?"

लाडवाचं तेव्हाच सांगितलं, नाही म्हणून. पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर आमच्याजवळ नव्हतं. आम्ही बी.ए. झालेल्या सहयोगिनी, डॉक्टर नव्हे. मग वाचायला बसलो, जाणकारांना विचारलं, आणि कळलं ते हे की ताईंचा प्रश्न जगातल्या मोठमोठ्या डॉक्टरांनाही साठ-पासष्ट वर्षं छळत होता.

आधी प्रोस्टेट म्हणजे काय ते सांगतो. पुरुषाच्या लघवीच्या पिशवीखाली अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते, ती प्रोस्टेट. मराठी पुस्तकांत तिला पुरस्थ ग्रंथी म्हणतात. वीर्यातलं काही पाणी तिथं तयार होतं. वय वाढलं की बऱ्याच पुरुषांची ही ग्रंथी साधीच वाढते. तो कॅन्सर नसतो. काहींच्या ग्रंथीत मात्र कॅन्सर होतो आणि तो हाडांकडे जातो. ही ग्रंथी पुरुषी हार्मोनवर पोसते. हार्मोनला पुस्तकी शब्द संप्रेरक. एका ठिकाणी तयार होऊन रक्तातून दुसरीकडे निरोप नेणारा हा पदार्थ असतो. मुख्य पुरुषी हार्मोन म्हणजे टेस्टोस्टेरॉन. त्यातलं बहुतेक वृषणात, म्हणजे अंडकोशातल्या गोळ्यांत तयार होतं.

आपल्या वऱ्हाडात पोळ्याला बैल सजवतात. त्यातला बहुतेक बैल खच्ची केलेला असतो, हे आपल्याला ठाऊक आहे. इंग्लंडमधले शस्त्रवैद्य जॉन हंटर यांनी अठराव्या शतकातच लिहून ठेवलं होतं की खच्ची केलेल्या जनावराची प्रोस्टेट ग्रंथी लहान राहते. म्हणजे दुवा जुनाच होता. तो कॅन्सरशी जोडायला मात्र १९४१ साल उजाडावं लागलं.

त्या वर्षी अमेरिकेत शिकागो विद्यापीठात डॉ. चार्ल्स हगिन्स आणि त्यांचे सहकारी क्लॅरेन्स हॉजेस यांनी एक निबंध छापला. प्रोस्टेटचा कॅन्सर शरीरभर पसरलेल्या माणसांचे वृषण त्यांनी काढले, काहींना स्त्री-हार्मोन दिलं. कॅन्सर हाडात गेला की रक्तात एक खुणेचा पदार्थ वाढतो, तो ते मोजत राहिले. उपचारानंतर तो खाली आला आणि वेदनाही कमी झाल्या. कॅन्सरची पेशी म्हणजे कुणाचंच न ऐकणारी, अशी तोवर समजूत होती. ती पेशीही शरीरातल्या हार्मोनवर जगते आणि ते तोडलं तर उपाशी पडते, हे इथं पहिल्यांदा नीट दिसलं. याच कामाला १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

त्याच १९४१ साली, २८ फेब्रुवारीला, मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं. तिथल्या शिकागोचा आणि इथल्या परळचा तेव्हा थेट संबंध नव्हता. पण आपल्याकडेही कॅन्सरचा अभ्यास त्याच सुमारास उभा राहत होता, हे सांगायला हवं. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे त्या अभ्यासाचे आद्य पुरुष. त्यांच्या हाताखाली तयार झाल्या डॉ. कमल रणदिवे. जन्म पुण्याचा, १९१७ चा, माहेरचं नाव समर्थ. १९४९ साली पीएच.डी. झाल्यावर त्या अमेरिकेत बाल्टिमोरला गेल्या आणि पेशी शरीराबाहेर काचेच्या भांड्यात वाढवण्याचं तंत्र शिकून आल्या. मुंबईच्या भारतीय कॅन्सर संशोधन केंद्रात त्यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. स्तनाचा कॅन्सर आणि हार्मोन यांचा संबंध हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. १९७३ साली त्यांनी भारतीय स्त्री-वैज्ञानिकांची संघटना स्थापन केली. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. पुढं १९८९ मध्ये नगर जिल्ह्यातल्या राजूरला आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती गोळा करायला त्या गेल्या. ते राजूर अकोले तालुक्यातलं. आपलं अकोला नव्हे! हार्मोन आणि कॅन्सर हा विषय मराठी बाईला परका नाही, एवढंच यातून सांगायचं आहे.

आता पुन्हा शिकागोला जाऊ. हगिन्स यांच्या रोग्यांना बरं वाटलं खरं, पण बहुतेकांचा आजार काही महिन्यांनी किंवा वर्षांनी परतला. जसा आमच्या ताईंच्या मालकांचा परतला. हगिन्स यांना तेव्हाच शंका आली की हार्मोन आणखी कुठून तरी येत असणार. प्रत्येक किडनीवर टोपीसारखी एक लहान ग्रंथी असते, तिला अॅड्रिनल म्हणतात. पुरुषी हार्मोनचा थोडा माल तिथूनही येतो. १९४५ साली हगिन्स आणि विल्यम स्कॉट यांनी काही रोग्यांच्या त्या दोन्ही ग्रंथीच काढून पाहिल्या. पण त्या ग्रंथींतून जगायला लागणारं कॉर्टिसोलही येतं आणि ते बाहेरून द्यायचं औषध तेव्हा हाती नव्हतं. रोगी वाचले नाहीत. दिशा बरोबर होती, पण वाट तिथंच थांबली.

पुढची चाळीस वर्षं सगळा जोर वृषणांवरच राहिला. कुणी ऑपरेशन केलं, कुणी स्टिलबेस्ट्रॉल नावाच्या स्त्री-हार्मोनच्या गोळ्या दिल्या. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत १९६० च्या दशकात मोठा अभ्यास झाला, तेव्हा त्या गोळ्यांच्या मोठ्या डोसानं हृदयविकाराचे मृत्यू वाढतात असं दिसलं. मग मेंदूकडे लक्ष गेलं. वृषणांना कामाला लावणारा हुकूम मेंदूतून सुटतो. तो हुकूम कसा असतो हे अँड्र्यू शॅली आणि रॉजर गिलमिन यांच्या प्रयोगशाळांनी शोधलं. त्यातून इंजेक्शन आलं. ते १९८५ साली अमेरिकेत मंजूर झालं. महिन्याला किंवा तीन महिन्यांनी घ्यायचं, वृषणं शरीरातच राहतात पण काम बंद पडतं. आज आपल्याकडे डॉक्टर "ऑपरेशन की इंजेक्शन" असं विचारतात, ते यातलंच. ऑपरेशन एकदाच होतं आणि स्वस्त पडतं. इंजेक्शन कायम घ्यावं लागतं, खर्च मोठा. तरी बरेच पुरुष ऑपरेशनला तयार होत नाहीत. "खच्ची" हा शब्द आपल्याकडे शिवी म्हणून वापरतात ना! ताईंच्या मालकांनीही यात दोन महिने घालवले, आणि ते घरात कुणाला बोलता आलं नाही.

शॅली आणि गिलमिन यांना १९७७ साली नोबेल मिळालं, तेव्हा त्याच पारितोषिकाचा अर्धा वाटा एका बाईचा होता. रोझॅलिन यॅलो. वैद्यकाचं नोबेल मिळवणारी ती जगातली दुसरी स्त्री. रक्तातलं अगदी कणभर हार्मोन मोजायची युक्ती तिनं आणि तिचे सहकारी सॉलोमन बर्सन यांनी शोधली होती. या युक्तीमुळं वृषणं बंद झाली की नाही हे रक्ताच्या एका नळीवरून कळू लागलं.

पण इथंच एक गैरसमज होऊन बसला. रोग्याचं रक्त तपासलं तर टेस्टोस्टेरॉन जवळपास नाहीच, आणि कॅन्सर तर वाढतोय. डॉक्टरांनी त्यावरून अर्थ काढला, या पेशींना आता हार्मोन लागतच नाही. अशा आजाराला नावही तसंच पडलं, "हार्मोनला दाद न देणारा". एकदा हे नाव फाईलवर आलं की हार्मोनचा विषय संपला असं धरलं जाई. मग वेदनेची औषधं, काहींना किमोथेरपी, बाकीच्यांना घरी न्या.

मैत्रिणींनो, आपल्यातल्या कित्येकींचं बँकेतलं खातं कोरडं असतं. कुणी पासबुक पाहून म्हणेल, या बाईजवळ पैसाच नाही. पण डाळीच्या डब्यात खाली फडक्यात बांधलेल्या नोटा तिलाच ठाऊक! रक्त हे पासबुक झालं. डबा उघडून पाहायला हवा होता.

डबा उघडून पाहणारे काही जण होते. १९७० च्या दशकाच्या शेवटीच काही संशोधकांनी वृषण काढलेल्या माणसांच्या प्रोस्टेटचा तुकडा तपासला, तर त्यात हार्मोन सापडलं होतं. कॅनडातले फर्नांड लाब्री हेही सांगत होते की काही पेशी स्वतःपुरतं हार्मोन स्वतःच्या आत बनवतात. तरी जुनं नाव टिकून राहिलं. नवं शतक आलं, मोजायची यंत्रं बारीक झाली. २००४ आणि २००५ साली अमेरिकेतल्या जेम्स मोलर आणि मार्क टायटस यांनी परत आलेल्या कॅन्सरच्या तुकड्यांत टेस्टोस्टेरॉन मोजलं. रक्तात नसलेलं हार्मोन गाठीत चांगलंच होतं. २००६ मध्ये बोस्टनच्या संशोधकांना दिसलं की अॅड्रिनलकडून आलेल्या कच्च्या मालाचं टेस्टोस्टेरॉन करणारी यंत्रणा या पेशींत वाढलेली आहे.

सगळ्यात पक्का पुरावा आला २००८ साली, सिएटल शहरातून. तिथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात काही रोग्यांनी जिवंतपणीच लिहून दिलं होतं की आमच्या मृत्यूनंतर काही तासांत देह तपासा, दूर पसरलेल्या गाठींचे तुकडे घ्या. त्या गाठी ब्रूस माँटगोमेरी, इलाहे मोस्तागेल आणि सहकाऱ्यांनी तपासल्या. उपचार न झालेल्या माणसांच्या प्रोस्टेटमध्ये जेवढं टेस्टोस्टेरॉन होतं, त्यापेक्षा जास्त या गाठींत निघालं. आणि ही माणसं हार्मोन बंद केलेली होती! ज्यांनी देह दिला त्यांना स्वतःला याचा काही उपयोग नव्हता. मागून येणाऱ्यांसाठी त्यांनी ते केलं. आपल्याकडे देहदानाचा फॉर्म भरायचा म्हटलं की घरात रडारड होते. त्या माणसांच्या घरीही ते सोपं गेलं नसेल.

आता हे सगळं अकोल्याच्या भाषेत सांगतो. अकोल्याच्या एमआयडीसीत डाळ मिल किती आहेत, तुम्ही पाहिल्या आहेत. समजा सगळ्या मिल बंद पडल्या. बाजारात डाळ मिळेना. तर वऱ्हाडातली बाई उपाशी बसेल का? माळ्यावरचं जातं खाली काढेल, तुरी भरडेल आणि डाळ करेल. कॅन्सरच्या पेशीनं तेच केलं. वृषणं म्हणजे मोठी मिल. ती ऑपरेशननं बंद झाली. पण अॅड्रिनल ग्रंथी अख्खी तूर पाठवतच होती. पेशीनं घरात जातं मांडलं आणि स्वतःपुरती डाळ काढली. प्रयोगशाळेतल्या अभ्यासात तर असंही दिसलं की काही गाठी कोलेस्टेरॉलपासून सुरुवात करून हार्मोन बनवू शकतात, म्हणजे तूर सुद्धा घरचीच! शिवाय या पेशी हार्मोन पकडणारे हातही वाढवतात, त्यामुळं थोड्याशा डाळीवर त्यांचं भागतं. बाजारात डाळ नाही म्हणून घरात स्वयंपाक नाही, असं समजणं हीच चूक होती.

म्हणजे ताईंच्या प्रश्नाचं उत्तर असं. हार्मोन बंद केलं हे डॉक्टरांनी खरंच सांगितलं. ते मिलचं हार्मोन. जात्याचं चालूच होतं. डिंकाच्या लाडवाचा यात काही हात नाही, नजर लागण्याचा नाही, आणि बाहेरचं काही नाही.

नाव बदलल्यानं औषधाची वाट मोकळी झाली. खरं तर औषध आधीच तयार होतं. लंडनच्या कॅन्सर संशोधन संस्थेत १९९० च्या दशकात माइक जार्मन, जेरी पॉटर, इलेन बॅरी यांनी अबिराटेरोन नावाचा पदार्थ बनवला होता. हार्मोन बनताना लागणारं एक एन्झाइम तो बंद पाडतो. म्हणजे जात्याचा खुंटाच काढून घेतो, मग तूर असो की नसो. पण ज्या आजाराला हार्मोन लागत नाही असं सगळे धरून चालले होते, त्याच्यासाठी असं औषध कोण पुढं नेणार? ते बरीच वर्षं मागं पडलं. पुढं योहान द बोनो, गेर्हार्ट अॅटार्ड यांनी ते रोग्यांना देऊन पाहिलं. मग १,१९५ रोग्यांवर मोठी चाचणी झाली. किमोथेरपीनंतरही आजार वाढलेली ही माणसं. २०११ साली निकाल आला. नुसत्या स्टेरॉइडवर असलेले साधारण १०.९ महिने जगत होते, अबिराटेरोन घेणारे १४.८ महिने. एप्रिल २०११ मध्ये अमेरिकेत ते मंजूर झालं. या गोळीसोबत प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड देतात. २०१७ च्या दोन मोठ्या अभ्यासांनी दाखवलं की हाडांत पसरलेल्या आजारात हे औषध सुरुवातीलाच दिलं तर आयुष्य आणखी वाढतं. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. आता आपल्या देशातल्या कंपन्याही ते बनवतात.

चार महिने म्हणजे काय मोठं, असं कुणी म्हणेल. तर ताईंना विचारा. मुलीच्या लग्नाला बाप मांडवात बसला की फोटोत राहिला, एवढा फरक चार महिन्यांत पडतो. पण खोटी आशाही आम्ही देणार नाही. हे औषध आजार मुळासकट काढत नाही. पेशी पुढं आणखी वाटा शोधते आणि काहींना त्याचा उपयोगच होत नाही. रक्तदाब वाढणं, पोटॅशियम कमी होणं, पायावर सूज येणं, यावर लक्ष ठेवावं लागतं.

आता कामाच्या चार गोष्टी. आजार परत वाढला तरी चालू असलेलं हार्मोनचं इंजेक्शन "आता उपयोग नाही" म्हणून घरच्या घरी बंद करू नका. मिल परत सुरू झाली तर दोन्हीकडून डाळ येईल. दुसरं, "आता काही करता येत नाही" असं कुणी सांगितलं, तर विचारा, "हार्मोनवरचं दुसरं औषध आमच्यासाठी आहे का?" एवढं एक वाक्य. तिसरं, पैशाचं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. अबिराटेरोन रोज चार गोळ्या उपाशीपोटी घ्यायचं औषध म्हणून आलं. २०१८ मध्ये ७२ रोग्यांवरचा एक लहान अभ्यास छापून आला, त्यात हलक्या नाश्त्यासोबत एकच गोळी घेऊनही आजारावर तेवढाच परिणाम दिसला. म्हणून काही डॉक्टर गरीब रोग्यांसाठी तसा विचार करतात. पण हे ठरवायचं डॉक्टरांनी. आपल्या मनानं गोळ्या कमी केल्या किंवा जेवणासोबत घेतल्या तर जीवावर बेतेल. चौथं, मुंबईला जायची वेळ आली तर घाबरू नका. आपल्या शेंडगावच्या गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा दादरला आहे, तिथं कॅन्सरचे रोगी आणि त्यांची माणसं उतरतात. रात्रीची अमरावती एक्सप्रेस बडनेरा, अकोला करत सकाळी मुंबईला पोचवते.

पुढच्या बैठकीत ताईंना आम्ही हे सगळं सांगितलं. जातं म्हटल्याबरोबर त्यांना कळलं. जरा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हंजे त्या डाक्टर लोकायलेबी इतके वर्स समजलं नव्हतं तं." आणि पिशवीतून फाईल काढून आमच्यापुढं ठेवली. "डाक्टरले काय इचारू, ते मले मराठीत लिहून द्या."

आम्ही लिहून दिलं. तुमच्या गटातही अशी कुणी फाईल घेऊन मागं बसून राहत असेल, तर बैठक संपल्यावर तिच्याजवळ थांबा.